जावयाच्या पुंगळ्या, आईची चिंच

अर्विंग गावातलं हे घर घेताना एजंट म्हणाला होता, गॅरेजमध्ये दोन गाड्या आरामात राहतील. राहिल्याही असत्या, पण त्यातल्या एका गाडीची जागा माझ्या नवऱ्याच्या टेबलाने गिळली. हा माणूस आठवडाभर कंपनीत कोड लिहितो आणि शनिवारी सकाळी रेंजवर जाऊन कागदावरच्या ठिपक्याला पिस्तुलाने भोकं पाडतो. टेक्सासमध्ये राहून याहून वाईट नाद लागू शकतात, म्हणून मी गप्प होते. मग त्याला काडतुसं घरी भरायची हौस आली. गोळी उडाली की पितळेची रिकामी पुंगळी खाली पडते. ती उचलून आणायची, साफ करायची, नवी दारू आणि नवी गोळी घालून परत वापरायची.

त्याचा खरा जीव मात्र निवडण्यात. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायचं आणि एकेक पुंगळी चिमटीत धरून उजेडात फिरवायची. बुडावरचा शिक्का वाचायचा, एका शिक्क्याच्या एकीकडे. वरून लोहचुंबक फिरवायचं, कारण काही सोंगाडी पुंगळ्या वरून पितळी आणि आतून लोखंडी निघतात. मग कडेवरून नख, कुठे चीर लागते का बघायला. मी तांदूळसुद्धा इतके निवडत नाही.

"मला बघायला आलास तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालास, आणि या टोपणांचे एवढे लाड?" मी म्हणायचे.

"तू हातात फुटणार नव्हतीस."

"पैज लावतोस?"

यावर तो हसायचा, पण फुटण्याची गोष्ट त्याच्या लेखी थट्टेची नव्हती. तोंडाशी चीर असली तर फार तर गोळी वाया जाते, त्याने मला एकदा दाखवलं होतं. पण बुडाशी चीर असली, तर सगळा जाळ मागे, हातात आणि डोळ्यांत येतो. असल्या बाद पुंगळ्या तो कॉफीच्या एका जुन्या डब्यात टाकायचा, भंगारवाल्याला द्यायला. चांगल्या निळ्या बादलीत.

त्या उन्हाळ्यात अमरावतीहून माझी आई आली. माझ्या आईला रिकामं बसवणं ही शिक्षा आहे. इथे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, केर काढायला एक गोल डबडं घरभर हिंडतं. आई त्या डबड्याच्या मागे मागे जाऊन कोपरे बघायची आणि म्हणायची, "काय बाई, मेलं नुसतं फिरतंय." बरं, जावयाच्या घरी फुकट बसून खायचं तिच्या जिवावर आलेलं. त्याच्यासाठी काहीतरी करावं असं तिला फार वाटे. पण त्याला विचारणार कसं? दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने बोलायचे की मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत मागायचे.

तो शनिवार. नवरा पिस्तुलाची बॅग घेऊन सकाळीच गेला होता. मी आणि आई चहा घेत होतो आणि आई खुशीत होती.

"जावईबापू काही बोलले का गं?" तिने विचारलं.

"कशाबद्दल?"

"अगं, गुरुवारी तुम्ही ऑफिसला गेलात ना, तेव्हा मी त्यांचं ते सगळं पितळ घासून ठेवलं. चिंच लावून. काय काळं पडलं होतं! आता बघ जाऊन, सोन्यासारखं झालंय."

मला हसू आलं. म्हटलं, चला, हिला एकदाचं पितळ सापडलं. आमच्याकडे तांब्यापितळेची भांडी चकाकली नाहीत तर सणाला सण मानत नसत.

"बादलीतलं?" मी विचारलं.

"बादलीतलं आणि त्या डब्यातलंही. ते तर बिचारं टाकूनच दिल्यासारखं पडलं होतं. पितळ कुणी टाकतं का? घासून सगळं एकत्र केलं. आता ओळखूसुद्धा येत नाही."

मी कप खाली ठेवला. काल, शुक्रवारी संध्याकाळी, तो गॅरेजमध्ये जेवणाची वेळ टळून गेली तरी बसला होता. मी दोनदा हाका मारल्या होत्या. म्हणजे काडतुसं भरत होता. त्या बादलीतून. आणि आता ती घेऊन तो रेंजवर उभा होता.

फोन लावला. वाजत राहिला. उचलणार कसा, तिथे कानांवर ती मोठी झाकणं लावतात, कानाशी ढोल बडवला तरी कळत नाही. मी किल्ली उचलली. आई काही न विचारता चपला घालून मागे आली.

हायवेला लागले आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला? विचारता येत नाही एका शब्दाने? सगळीकडे हात घालायचाच का? त्याच्या हाताला काही झालं, डोळ्याला काही झालं, तर मी काय करू? घरी गप्प बसवत नव्हतं तर आलीस कशाला इथे! हो, हेही म्हणाले. आई पर्स मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती. तिने एकदाही "मला काय माहीत" म्हटलं नाही. मला ते हवं होतं, म्हणजे आणखी ओरडता आलं असतं.

रेंजच्या काउंटरवर टोपीवाला आडदांड माणूस होता. मी आत धावले तर त्याने हात आडवा केला. चष्मा आणि कानांची झाकणं घातल्याशिवाय आत जायचं नाही, मॅम. मी त्याला काय सांगणार होते, आईने चिंच लावली म्हणून? झाकणं उलटीसुलटी चढवली आणि काचेपाशी गेले.

शेवटच्या लेनमध्ये तो उभा होता. दोन्ही हात जागच्या जागी, दोन्ही डोळे जागच्या जागी, आणि नेम नेहमीसारखाच चुकलेला. देवा! मी काचेला कपाळ टेकलं. मग दोन्ही हात हलवले, तशी शेजारच्या लेनमधल्या बाईने मला पाहून त्याला खुणावलं.

तो पिस्तूल रिकामं करून, ठेवून, घाईघाईने बाहेर आला. "काय झालं? कोण आजारी आहे?"

मी बोलायच्या आत आई काउंटरजवळच्या बाकावरून उठली. आजवर जावयासमोर ती कधी पदर न सावरता उभी राहिली नव्हती. तिने सरळ त्याचा उजवा हात पकडला, उलटा केला, सुलटा केला, बोटं चाचपली आणि मग डावा मागितला. तोही त्याने मुकाट्याने दिला.

"त्या पुंगळ्या," मी म्हटलं. "बाद झालेल्या. आईने सगळ्या..."

"माहीत आहे की. गुरुवारीच कळलं. गॅरेजभर चिंचेचा वास होता." तो हसला. "अगं, त्यातली एकही भरली नाही मी. हे बघ, दुकानातल्या काडतुसांचं खोकं आणलंय आज. काल बसून परत निवडत होतो, अजून अर्धी बादली राहिलीय."

"मग मला सांगायचं नाही? मूर्ख माणसा! जीव गेला ना माझा!"

"तुला सांगितलं असतं तर तू आईंना ओरडली असतीस." मग तो आईकडे वळला आणि थेट तिच्याशी बोलला. "आई, खरं सांगू का, घासल्यामुळे चिरा उलट स्वच्छ दिसतायत. फक्त डबा वेगळा ठेवू, हं? चूक माझीच, त्यावर काही लिहिलं नव्हतं." आणि एकदम त्याला शंका आली. माझा अवतार बघून असेल. "येताना ही काही बोलली नाही ना तुम्हाला?"

मी जमिनीकडे बघायला लागले.

"छे हो," आई म्हणाली. तिने अजून त्याचा हात सोडला नव्हता. "मीच घाबरले होते. ती बिचारी सबंध रस्ताभर मला धीर देत होती."