रबरी पंखा बदलायचा राहिला

मी सिंचन खात्यात पंप-मेकॅनिक होतो. ऐंशी सालानंतर पाच-सहा वर्षांनी माझी बदली गडचिरोलीकडच्या एका धरणावर झाली. जंगल बुडवून झालेला मोठा तलाव, काठावर विश्रामगृह, आणि सहलीला येणाऱ्यांसाठी एक पत्र्याची बोट. बोटीच्या मागे पेट्रोलवर चालणारं इंजिन लटकवलेलं. ते इंजिन सांभाळायचं आणि रविवारी लोकांना चक्कर मारून आणायचं, हे काम माझ्याकडे आलं.

असलं इंजिन मी पूर्वी उघडलं नव्हतं. म्हणून चंद्रपूरला एका म्हाताऱ्या उस्तादांकडे आठ दिवस शिकायला गेलो. त्यांचं गॅरेज मशिदीमागच्या बोळात होतं. त्यांनी इंजिनाचा खालचा भाग खोलून सुपारीच्या डबीएवढा एक रबरी पंखा माझ्या तळहातावर ठेवला. हा पंखा तलावाचं पाणी वर ओढतो आणि त्या पाण्याने इंजिन थंड राहतं.

"हा दरसाल बदलाचा," ते म्हणाले. "प्लग खराब झाला तं इंजिन खोकते, सांगते तुले. पंखा सांगत नाई. रबर हाये ते, भाऊ. वरून चांगलं दिसते, अंदरून मरते."

पहिल्या वर्षी मी बदलला. दुसऱ्या वर्षी नवा पंखा मागवून कपाटात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. पंखा ज्यात बसतो त्या पंपाच्या झाकणाचे स्क्रू गंजले होते. एखादा तुटला तर बोट बंद पडेल आणि साहेब मलाच बोलतील, ही धास्ती होती. दिवाळीनंतर करू, असं मी मनाशी म्हणत गेलो.

त्या भादव्यात तलाव तुडुंब भरला होता. सांडव्यावरून हातभर पाणी पलीकडच्या खडकांवर कोसळत होतं. रविवारी तालुक्याच्या गावाहून मुलींच्या शाळेतल्या सात शिक्षिका आल्या. त्यांच्या मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. सगळ्या त्यांना मोठ्या बाई म्हणत. बोट सुरू केली तेव्हा इंजिन थंड करून मागे जी पाण्याची धार पडते, ती मला बारीक दिसली. आदल्या रविवारीही ती तशीच होती. मी पाहिलं आणि मान वळवली.

तलावाच्या मधोमध रंग जळाल्याचा वास आला. मी मागे पाहिलं. धार थांबलेली, इंजिनाच्या झाकणातून वाफ निघत होती. मी हात लांबवेपर्यंत इंजिन एक आचका देऊन बंद पडलं. इंजिन सुरू करायची दोरी ओढली. ती तसूभर हलली नाही.

इंजिनाचा आवाज थांबला आणि दुसरा आवाज ऐकू आला. सांडव्याचा. मी काठाकडे पाहिलं. विश्रामगृहाचं लाल छप्पर हळूहळू मागे सरकत होतं. आम्ही त्या आवाजाच्या दिशेने वाहत होतो.

नांगर टाकला. दोर संपला, पण नांगर तळाला लागला नाही. बोटीत वल्हं एकच, आणि बुडू नये म्हणून ठेवलेल्या टायरच्या ट्यूब दोन. एक तरुण शिक्षिका रडू लागली. दुसरी म्हणाली, "भाऊ, हे चालू काऊन होत नाई?"

मोठ्या बाई माझ्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "खरं सांगा. आपण तिकडे जाऊन राह्यलो का?"

"हो, बाई."

"वाचू का?"

"मले नाई माहीत."

त्यांनी एकदा डोळे मिटले. मग डावीकडे बोट दाखवलं. बुडालेल्या जंगलातली वाळकी झाडं तिथे पाण्याबाहेर डोकं काढून उभी होती, सांडव्याच्या जवळपर्यंत. "तिथवर नेता येईल?"

वल्ह्यांसारख्या मारायला मी बोटीत पाय ठेवायला अंथरलेल्या फळ्या उपटल्या. मोठ्या बाईंनी त्या वाटल्या आणि वर्गात पाढे म्हणवून घ्यावेत तशा आवाजात मोजू लागल्या, "एक, दोन. एक, दोन." रडणारीही फळी मारत होती, रडतच. मी वल्हं मारत होतो. झाडं जवळ येत होती, पण सांडवा त्याहून लवकर जवळ येत होता. पाणी काचेसारखं गुळगुळीत होऊन पुढे वाकलेलं मला दिसलं. त्यानंतर मी तिकडे पाहिलं नाही.

शेवटच्या रांगेतल्या एका खोडाला मी मिठी मारली. बोट पायाखालून निसटत होती. दोघींनी माझी कंबर धरून ठेवली. तळहातांची सालटं निघाली, तरी नांगराचा दोर खोडाभोवती दोनदा फिरवला आणि गाठ मारली. खोड करकरलं, पण टिकलं.

तासभर आम्ही ओरडत होतो. दर झुळकीला खोड वाजायचं आणि सगळ्या एकदम गप्प व्हायच्या. शेवटी मासे धरणारे दोन ढिवर डोंगा घेऊन झाडाझाडाला धरत आले आणि दोघी-दोघींना काठावर नेलं. मी शेवटी उतरलो आणि चिखलातच बसलो.

मोठ्या बाई पदर पिळत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं: पंखा, कपाट, सकाळची बारीक धार.

त्यांनी पिळलेला पदर झटकला. मग म्हणाल्या, "सांगितलं ते बरं केलं. सकाळीच सांगितलं असतं, तं आम्ही काठाकाठानं पायी फिरलो असतो."

दुसऱ्या दिवशी पंप खोलला. स्क्रू एकही तुटला नाही. पंख्याच्या सहा पात्यांपैकी दोन जागेवर होती, बाकीच्यांचे तुकडे पाण्याच्या नळीत अडकले होते. साहेबांनाही खरं ते सांगितलं. त्यांनी बोट बंद ठेवली आणि मला लेखी ताकीद दिली.

थंडीत इंजिन दुरुस्त झालं. मग मी नेमच केला. पंखा दर पावसाळ्याआधी, जुना कसाही दिसो. प्लग दर हंगामाला. पंख्यामागची पाणी अडवणारी सीलं त्याच वेळी. वल्ही दोन, आणि तळाला पोचेल एवढा दोर. पहिली चक्कर एकट्यानेच मारली. तलाव उतरला होता, सांडवा कोरडा होता, इंजिन सुरेख चालत होतं. तरी मधोमध पोचल्यावर मी पुन्हापुन्हा मागे वळून धार पाहू लागलो, आणि शेवटी बोट वळवून परत आणली. प्रवाशांना घेऊन जायला मला आणखी महिना लागला.