ऑर्किडच्या पानांवरचं खत

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून हातात पेन आलं ते सहीपुरतंच. ही वही मी कोणाला दाखवणार नाही. तरी कोणाच्या हाती लागली आणि वाचताना अडखळायला झालं, तर माफ करावं. तोंडानं मला हे कधी सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

चकलांब्यापासून आमचं गाव फार लांब नाही. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. आम्हा बारा बायकांची एक सहकारी संस्था होती. पापड करून झाले, शेवया करून झाल्या, पण त्यावर कोणाचं घर चालेना. मग बीडहून एक साहेब आले आणि शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या सावलीत, ऑर्किड लावा म्हणाले. जांभळी फुलं लग्नाच्या मांडवाला लागतात, एकेका दांडीला चांगला भाव मिळतो. त्यांनी फोटो दाखवले. झाडाला माती नव्हतीच. कुंडीत नारळाची सोडणं आणि कोळशाचे तुकडे, आणि मुळं बाहेर हवेत लोंबलेली.

"माती नको, निस्ती हवा खाऊन जगतंय," आमची शेजारीण म्हणाली. ती जिभेची तिखट. "मग हे आपल्याच गावचं झाड हाय की. आपुन तरी दुसरं काय खातो?"

सगळ्या हसल्या आणि हसता हसता ठरून गेलं. हवेतून पाणी पिणारं झाड म्हणजे कमी पाण्याचं झाड, असं आम्ही धरून चाललो. आमच्या हवेत फुफाट्याशिवाय काही नव्हतं, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

बारा जणींतल्या सात जणी दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. शेजारीण त्यातलीच. त्या वर्षी त्यांनी मुकादमाची उचल, म्हणजे तोडीचे आगाऊ पैसे, घेतली नाही. फुलं आली तर इथंच राहता येईल, पोरांची शाळा मोडणार नाही, या आशेवर त्या थांबल्या.

झाडं जगली, पण फुलं येईनात. एक रोप अगदीच मरतुकडं होतं, ते टाकून द्यायचं ठरलं. मी ते पदराखाली घालून घरी आणलं आणि ओसरीत टांगलं. माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचे गुडघे गेले होते, त्या दिवसभर ओसरीतच बसून असायच्या.

"हे काय आणलंस?"

"फुलाचं झाड हाय."

"उघड्या पायानं आल्यावानी दिसती बिचारी. पाहुणी आली म्हणायची. पाणी इचारलं का तिला?"

मी हसले आणि कामाला लागले.

त्याच महिन्यात बाटल्या विकणारा एक माणूस संस्थेत आला. ऑर्किडसाठी खास खत, दर आठ दिवसांनी पानांवर फवारायचं. म्हणाला, "मुळांकडे बघूच नका ताई, सगळं पान पितं." एक लहान बाटली त्यानं फुकट दिली. कोणी घेईना. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून अध्यक्षबाईंनी ती माझ्या हातात दिली.

मी दर सोमवारी मोजून फवारायचे. अडीच महिन्यांनी त्या मरतुकड्या रोपाला दांडी फुटली आणि तिच्यावर सात फुलं आली. मी रोज उठून आधी ती बघायचे. माझ्या हातून असं काही पहिल्यांदाच घडलं होतं.

बैठकीत अध्यक्षबाईंनी विचारलं, "कुणाचं तरी झाड फुललं म्हणं?"

मी बैठकीत कधी बोलत नसे. मागं, दाराजवळ बसायचे. त्या दिवशी बोलले. "माझं फुललं. बाटलीनं फुललं."

शेजारीण मागं वळून म्हणाली, "ही वर्साला एक शब्द बोलती. बोलली म्हंजी खरं असंल." त्यावर आणखी कोणी काही विचारलं नाही. माझ्यासकट सगळ्यांनी सातशे-सातशे रुपये काढले. सात जणींनी थांबण्याच्या वर्षासाठी जे गाठीला ठेवलं होतं, त्यातलेच त्यांचे पैसे. बाटल्यांचं खोकं आलं.

शेडनेटमध्ये आम्ही पाळ्या लावून फवारलं. टँकर दहा दिवसांनी यायचा, त्याचं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं. म्हणून खत बोअरच्या पाण्यात कालवलं. त्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर धरायचा, तसाच तो पानांवर धरला. फुलं दिसेनात तेव्हा कोणीतरी म्हणालं, औषध डबल करा. केलं. पानांची टोकं काळी पडून जळाली. तरी सगळ्या माझ्या ओसरीतलं झाड बघायला यायच्या, आणि तिथं दुसरी दांडी फुटलेली बघून पुन्हा हुरूप धरून जायच्या.

चैत्रात आत्याबाई आजारी पडल्या. पाय सुजले, लघवी बंद झाली. बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंड थकलंय. मग त्यांनी विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"लागंल तेवढं," आत्याबाई म्हणाल्या.

मी आठ दिवस त्यांच्याजवळ होते. खत कसं मारायचं ते मी मालकांना नीट सांगून आले होते आणि त्यांनी ते तसंच मारलं होतं. आठव्या दिवशी लुगडी आणायला घरी गेले, तर दांडीवरच्या कळ्या पिवळ्या पडून खाली गळाल्या होत्या आणि मुळं सुतळीसारखी वाळली होती.

परत येऊन मी आत्याबाईंच्या उशाशी बसले. "पाहुणी सुकली, आत्याबाई. औषध तर बराबर मारलंय."

"आन पाणी?"

"औषधाचंच की."

"तेवढ्यानं काय होतंय? तू शेडवर गेलीस की मी दोन टायमाला तांब्याभर घालीत व्हते. दुपारच्याला पोतं भिजवून भवती टांगायचे. ऊन लई लागायचं तिला."

"कुठलं पाणी घालत व्हता?"

"माझ्या कळशीतलं."

आमच्या घरात टँकरचं पाणी वाटून ठेवलेलं असायचं. त्यांची छोटी कळशी वेगळी होती. दिवसभराचं त्यांचं प्यायचं पाणी तेवढंच.

"मग तुमी काय पीत व्हता?"

"मला बसल्या जागी कुठं तहान लागती? तू लई खुशीत असायचीस गं फुलाकडं बघून."

त्यानंतर पाचव्या दिवशी आत्याबाई गेल्या. पाणी कमी प्यायल्यानं असं झालं का, हे डॉक्टरांना विचारावं म्हणून मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत आले. ते मला आजही माहीत नाही.

तेरावं झाल्यावर बैठक होती. मी उभी राहिले. सांगितलं की फूल बाटलीनं आलं नव्हतं, आत्याबाईंच्या पाण्यानं आलं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं.

मग शेजारीण म्हणाली, "म्हंजी पाणी म्हातारीनं घातलं आन नाव तू बाटलीचं घेतलंस."

"हो."

"मग गप बसली असतीस तर बरं झालं असतं. येरवी बसतीसच की."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, तिला काय ठाव. तिचं माणूस गेलंय." मी म्हणाले, बाटल्यांचे पैसे मी सगळ्यांना परत देईन. कोणी द्या म्हणालं नाही, नको म्हणालं नाही.

पावसाळ्यात सातही जणींनी उचल घेतली. दसऱ्यानंतर ट्रक आले. शेजारणीनं या वेळी पोरगीही बरोबर नेली, धाकट्याला सांभाळायला. ती सातवीत होती. ट्रक निघाला तेव्हा मी दारात होते. पोरगी माझ्याकडे बघून हसली, शेजारणीनं बघितलं नाही.

मी लोकांच्या गोधड्या शिवायला घेतल्या. एका गोधडीला चार-पाच दिवस जायचे. जसे पैसे साठतील तसे एकेकीला देत गेले.

मधे एका वर्षी पाऊस बरा झाला. शेडनेटमधली दोन रोपं अजून तग धरून होती, ती मी मागून आणली. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून दोघांना सारखं घातलं. एकाला त्या बाटलीतलं उरलेलं खत मारलं, दुसऱ्याला कपाशीवर मारतात ते साधं एकोणीस-एकोणीस-एकोणीस नावाचं खत, चिमूटभर. दोन्ही फुलली, आठ दिवसांच्या फरकानं. फुलं सारखीच होती. खत वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पाणी मिळालेल्या झाडाला त्याचा थोडा आधार होतो, आणि तो साध्या खताचाही होतो. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या सांगण्यावर आता कोणी काही करू नये असं मला वाटतं.

शेजारणीचे सातशे सगळ्यात शेवटी राहिले. तीन पट्टे झाल्यावर, म्हणजे ऊसतोडीचे तीन हंगाम उलटल्यावर, ती वैशाखात परतली तेव्हा मी तिच्या घरी गेले. पोरगी चुलीपाशी भाकरी थापत होती. ती पुन्हा शाळेत गेलीच नाही. हाताला उसाच्या पाचटाचे चरे होते. मी नोटा पुढं केल्या.

शेजारणीनं लगेच घेतल्या नाहीत. "म्हातारी असती तर तिनं मला घरी बोलवून चहा तरी पाजला असता," ती म्हणाली. मग नोटा मोजून कमरेच्या पिशवीत ठेवल्या. "फिटले. आता तुझ्याकडं माझं काही न्हाई."

मी घरी आले. अकरा जणींचे सातशे-सातशे, सगळे फिटले.