डार्लीनचे रोजचे तीस डॉलर

मला लिहायचा सराव नाही. चूक माझ्यापासून सुरू झाली, एवढ्यासाठीच लिहितो.

डार्लीन कोवाच टोलेडो शहरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, गसच्या खानावळीत बावीस वर्षं वेट्रेस होती. मी तिच्या आधीपासून तिथे वेटर. खानावळ पहाटे उघडायची, दुपारी दोनला बंद. कार्ड चालत नसे, सगळं रोख. घरी जाताना मशीनवर वेळ नोंदवावी लागे, तेव्हा ते विचारायचं : आज टिप किती मिळाली? पहिल्या दिवशी डार्लीन प्रामाणिकपणे नव्वद टाकायला निघाली. मी तिला अडवलं.

"तीस टाक. पगार आणि टिप मिळून किमान मजुरी भरली की गसही गप्प, सरकारही गप्प."

"आणि बाकीचे?"

"ते बिनकराचे. त्यांचे चांगले बूट घे. पाय जातात या धंद्यात."

तिने पुढे रोज तीसच टाकले. आम्ही सगळेच टाकायचो.

पंचावन्नाव्या वर्षी तिच्या खुब्याचा सांधा झिजला. डॉक्टरने उभ्याचं काम बंद केलं. अपंगत्वाचा भत्ता सरकार नोंदलेल्या कमाईवर ठरवतं. तिला मंजूर झाले महिना सातशे बारा डॉलर. घरभाडं होतं आठशे.

कचेरीतल्या बाईने सांगितलं, मागची तीनच वर्षं दुरुस्त करता येतील. त्यांचा कर आणि दंड आधी भरा, आणि टिपांची रोजची नोंद आणा. नोंद नसेल, तर सोबत काम केलेल्या कुणाचं तरी लेखी आणा. रोजचे नव्वद मान्य झाले तर भत्ता सव्वाआठशेच्या पुढे जाणार होता. करासाठी डार्लीनने गाडी विकायला काढली. मुदत सोमवारपर्यंत.

ती लेखी मागायला काठी टेकत खानावळीत आली. दुसरी वेट्रेस टॅमी कॉफी ओतता ओतता म्हणाली, "तू नव्वद लिही, म्हणजे उद्या करवाले आम्हाला विचारायला येतील."

"माझं घर जातंय, टॅमी."

"मग आमचंही घालवतेस का, बाई? माझ्या घरी तीन पोरं आहेत."

गस तव्यापाशी पाठमोराच उभा राहिला. डार्लीन माझ्याकडे वळली. "वर्न, तू दे लिहून. तूच शिकवलं होतंस."

मी हो म्हणालो. घरी तीन कागद फाडले. तिचे नव्वद लिहायचे, तर माझे किती, हे कुणीही विचारलं असतं. शुक्रवारी कागद तिच्या हातात दिला.

तिने तो उभ्या उभ्याच वाचला. "पन्नास?"

"अंदाजे, असं लिहिलंय. पन्नास कुणाच्या डोळ्यावर येणार नाहीत."

"नव्वद होते रे."

"माहीत आहे मला."

पन्नासप्रमाणे भत्ता जेमतेम साडेसातशे होत होता. भाडं त्यातून निघत नव्हतं, आणि गाडीही गेली असती. तिने अर्ज केलाच नाही. महिनाअखेर घर सोडून ती लायमा गावी बहिणीच्या तळघरात राहायला गेली.

मी आठवडाभराने फोन केला. म्हणालो, "आता नव्वद लिहून देतो. सही करून."

तिच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी चालत होतं, ते मला फोनवर ऐकू येत होतं.

"मुदत गेली, वर्न," ती म्हणाली. "तू जेवलास का?"