कारभारी नानांची करंगळी

डॉ. अमोघने कारभारी नानांना फसवलं. बोटं पूर्ण बरी झालेली नसताना ती बरी झाली असं सांगितलं आणि कॅमेऱ्यासमोर भर बाजारात उभं केलं. वर मी तयार केलेली टेस्ट स्वतःची म्हणून दाखवली. त्याचं नाव मी बदललं आहे. वाचेल तेव्हा तो ओळखेलच.

नेवासा फाट्यावर माझा ॲक्युपंक्चरचा दवाखाना आहे. दोन खोल्या, तीन कॉट. त्याआधी मी एका मिशन हॉस्पिटलमध्ये बारा वर्षं ड्रेसिंग करत होते. ड्यूटी करूनच कोर्स केला. अमोघ त्याच कोर्सला होता, माझ्या नोट्स झेरॉक्स करून पास झाला. आज नगरला वडिलांच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर त्याचं पेन क्लिनिक आहे. काचेचं दार, एसी, रिसेप्शनला दोन मुली. मला त्याचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते.

नाना पहिल्यांदा आले तेव्हा शर्टाचं एकही बटण स्वतःच्या काजात नव्हतं. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातले ते जुने हेडी, म्हणजे म्हशींचे दलाल. आतड्याचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो संपून चार महिने झाले होते.

"मॅडम, हातमोजे घातल्यावानी वाटतं. बटान हाय का खडा, कळंना."

केमोची काही औषधं कॅन्सरबरोबर नसांनाही इजा करतात. हातापायांच्या टोकांपासून बधिरपणा सुरू होतो, मुंग्या येतात, आग होते. त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. कुणाला चालताना त्रास होतो, कुणाचा चहाचा कप हातातून पडतो. नानांचा तर धंदाच बोटांवर होता. बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं हातावर टॉवेल टाकतात आणि एक जण दुसऱ्याची बोटं धरतो. तीन बोटं धरली तर तीन, चार धरली तर चार. हजार की दहा हजार, ते जनावराकडं बघून दोघांना कळतं. आजूबाजूच्या पन्नास माणसांना काही कळत नाही. किती बोटं धरली हेच ज्याला कळत नाही, त्याने बाजारात जाऊन काय करायचं?

मी कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट मागितला. पेशी कमी असतील तर मी सुई लावत नाही. रिपोर्ट ठीक निघाला. चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत हेही बजावलं. मग नाना मूळ स्वभावावर आले.

"किती येळा यायचं?"

"आठवड्यातून दोनदा. बारा सिटिंग."

"आठ करा."

"नाना, ही म्हैस नाही."

"मंग धा."

"बारा. आणि पूर्ण बरं होईल असा शब्द मी देत नाही."

त्यांनी मला नीट निरखलं. "शब्द न देनारं मानूस लई दिसांनी भेटलं," म्हणाले आणि कॉटवर आडवे झाले.

केसाएवढ्या बारीक सुया मी बोटांच्या बेचक्यात, मनगटाजवळ आणि घोट्याखाली लावायचे. सुई बरोबर बसली की जड, ओढल्यासारखं वाटतं. पहिल्या दोन सिटिंगला नानांना काहीच वाटलं नाही. तिसऱ्याला म्हणाले, "आता कायतरी हाललं."

पुस्तकातली टेस्ट कापसाची आणि टाचणीची असते. ती नानांच्या कामाची नव्हती. मी माझा नॅपकिन घेतला, त्यांच्या हातावर टाकला आणि खालून बोटं धरली. बाजारात बाईचा हात टॉवेलाखाली कधी जात नाही, त्यामुळे नाना आधी अवघडले. मग रंगले. दहा वेळा धरायचं, दहा वेळा त्यांनी आकडा सांगायचा. सुरुवातीला तीन बरोबर यायचे. बाराव्या सिटिंगला सात आले. अंगठा आणि शेजारची दोन बोटं जागी झाली होती. अनामिका अर्धवट होती. करंगळी मात्र मुकीच. लागोपाठ दोनदा दहापैकी दहा आल्याशिवाय बाजारात हात द्यायचा नाही, असं मी त्यांना सांगितलं.

इथे मी चूक केली. सुयांना हलका करंट देणारं चांगलं मशीन माझ्याकडे नाही, अमोघकडे आहे. मी नानांना चिठ्ठी देऊन त्याच्याकडे पाठवलं. चिठ्ठीत टॉवेलची टेस्ट सविस्तर लिहिली, सात हा आकडाही लिहिला. बाजारात हात द्यायचा नाही, हे फक्त नानांना तोंडी सांगितलं होतं. ते लिहिलं नाही.

तीन सिटिंगनंतर अमोघचा व्हिडिओ माझ्या मोबाईलवर आला. घोडेगावचा बाजार, नाना, हातावर टॉवेल. खाली मोठ्या अक्षरांत "आमची टॉवेल टेस्ट". मी तो सात वेळा पाहिला. खरं सांगायचं तर त्या सातही वेळा मी माझं नाव शोधत होते. आठव्यांदा नानांचा चेहरा पाहिला. मान डोलवण्याआधी ते थांबले होते. इतकी वर्षं सौदे करणारा माणूस थांबत नाही.

चार दिवसांनी नाना आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फिट आहात, चला. त्या दिवशी सौदा खराच होता, नाना घेणाऱ्याकडून उभे होते. विकणाऱ्याने चार बोटं धरली. करंगळी धरलेली नानांना कळली नाही, त्यांनी तीन समजून होकार दिला. टॉवेल निघाल्यावर घोटाळा उघडा पडला. नानांनी शब्द फिरवला नाही, फरक स्वतः सोसला. व्हिडिओत टॉवेल निघण्याआधीच कापलं आहे.

"पैशाचं काय न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "पन आता कोन माझ्या हातात हात देत न्हाई. म्हनत्यात, नानाचा हात गेला."

मी तिथल्या तिथे अमोघला फोन लावला. आवाज चढला, बाहेरचे पेशंट आत डोकावले.

"ताई, सातवरून आठवर आला होता. ऐंशी टक्के म्हणजे एक्सलंट रिझल्ट आहे."

"त्यांच्या धंद्यात ऐंशी टक्के म्हणजे नापास. त्यांना विचारलंस?"

"त्यांनाच घाई होती."

"घाई पेशंटला असते. नको म्हणायला आपण असतो."

"तुमचं नाव टाकतो ना व्हिडिओत. शांत व्हा."

क्षणभर मला ते हवंसं वाटलं. म्हणून जास्त चिडले आणि फोन ठेवला.

फायदा सुयांचा किती, मशीनचा किती आणि नुसत्या दिवसांचा किती, हे मीही छातीठोक सांगू शकत नाही. केमो संपल्यावर काहींच्या नसा आपोआपही सुधारतात. श्रेयाचं भांडण त्यामुळे मी सोडून देते. मला जड जातं, पण देते.

नानांची दुसरी फेरी माझ्याकडे चालू आहे. गेल्या आठवड्यात नऊ आले. बाजाराला ते दर वेळी जातात, म्हशींच्या दावणीजवळ उभे राहतात आणि हात खिशात ठेवून परत येतात. मी आता चिठ्ठीत काय झालंय याच्याआधी काय करायचं नाही ते लिहिते, लाल पेनाने.

अमोघने व्हिडिओ काढून टाकला. मला फोन करून तसं कळवलंही, जणू प्रकरण मिटलं. मिटलेलं नाही. नानांना तू पन्नास माणसांसमोर उभं केलंस. त्याच बाजारात, त्याच माणसांसमोर ये, कॅमेरा नको, आणि सांग की हा माणूस तयार नव्हता, मी त्याला घाईने आणला, चूक माझी होती, त्यांची नव्हती. कधी येतोस?