दोकियाची पांढरी लिली

कॅनडातल्या सस्काचेवनमध्ये बर्फ पडला की लोक कुरकुरतात आणि नाही पडला की बागवाले रडतात. उघड्या जमिनीत थंडी खोल शिरते आणि लिलीचा कंद मरतो. वर बर्फाची जाड दुलई असली की तोच कंद खुशाल झोपून राहतो.

दोकिया सावचुकच्या अंगणात केशरी, पिवळ्या, लाल लिल्या दर जुलैत फुलायच्या. पांढरी मात्र एकदाही टिकली नव्हती.

"पांढरी लिली ईस्टरला कुंडीत विकत आणायची, चर्चमध्ये मिरवायची नि फेकून द्यायची," शेजारच्या टॅगर्टबाई म्हणायच्या. "इथल्या मातीत ती जगत नाही. हट्ट सोड गं."

हट्ट सोडेल ती दोकिया कसली! एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावायचे, बी पेरायचं, मेलेलं उपटायचं, पुन्हा पेरायचं, असं तिनं वर्षानुवर्षं केलं. अखेर खिडकीतल्या कुंडीत एका रोपाला पांढरंशुभ्र फूल आलं. त्या शरदात तिनं तो एकुलता एक कंद बाहेर वाफ्यात लावला, वर जवसाचा पेंढा घातला आणि वाऱ्यानं उडणारा बर्फ तिथंच अडून साचावा म्हणून सूर्यफुलाची वाळकी धाटं रचली. हा हिवाळा त्यानं काढला की तिनं जिंकलं.

आमच्या युक्रेनी लोकांचा ख्रिसमस जुन्या पंचांगानं जानेवारीत. आदल्या दिवशी तिचा नवरा ओरेस्त याच्या अंगात उत्साह संचारला. संध्याकाळी गाणी म्हणणारे येणार, त्यांच्या गाड्यांना जागा नको? ट्रॅक्टरनं बर्फ ढकलून त्यानं अंगण लख्ख केलं, त्यात लिलीच्या वाफ्यावरचा बर्फ आणि पेंढाही गेला. दोकिया गव्हाच्या खिरीत मध घालत होती. तिनं सहज खिडकीबाहेर पाहिलं आणि पळी टाकून धावली.

"ओरेस्त! काय केलंस हे?"

"साफसफाई! पाहुणे काय म्हणतील नाहीतर?"

"पाहुण्यांना घाल चुलीत! माझी पोर उघडी पडली तिथं!"

रेडिओवर उणे चाळीसचा इशारा चालू होता. ओरेस्तचा चेहरा उतरला. बर्फ त्यानं पार कुंपणापलीकडच्या खंदकात ढकलला होता. दोघं वाहून वाहून तो किती वाहणार?

तेवढ्यात काठीवरचा तारा उंच धरून हावरिलोकाका आणि त्यांच्यामागून गाणारे आले. दोकिया दारातच उभी राहिली, हातात फावडं.

"हावरिलोकाका, आधी बर्फ, मग गाणं, मग जेवण."

"अगं बाई, देव जन्माला आलाय आणि तू आम्हाला फावडी देतेस?"

"देव गोठ्यात जन्मला, काका. पेंढ्याची किंमत त्याला ठाऊक आहे."

म्हातारा खो खो हसला आणि त्यानं बादली उचलली. मग काय, कुणी घमेलं घेतलं, कुणी धुण्याचा टब. आधी पेंढा, त्यावर बर्फ, आणि तोंडानं गाणं. असा ख्रिसमस गावानं पाहिला नव्हता.

मे महिन्यात बाकीच्या लिल्या उगवल्या, पांढरीचा पत्ता नाही. ओरेस्त रोज वाफ्याला फेरी मारून यायचा आणि बायकोकडे न बघता जेवायचा. मे सरता सरता एके सकाळी तो चिखलाच्या बुटांनी थेट स्वयंपाकघरात घुसला. "आली! दोकिया, आली!" पुसलेली फरशी विसरून ती धावत आली. नवऱ्याच्या गळ्यात पडून ती ढसाढसा रडली.

जुलैत गावच्या सभागृहात लिल्यांचं प्रदर्शन भरलं. परीक्षकानं ते पांढरं फूल निरखलं आणि भुवई उंचावली. "हे काचेच्या घरात वाढवलंय ना?"

"काचेचं घर?" मागून हावरिलोकाका गरजले. "अहो, हिच्यावरचा बर्फ मी वाहिलाय, तोही उपाशीपोटी!"

"मी पण!" "मीसुद्धा!" अर्धं सभागृह उभं राहिलं. पहिल्या बक्षिसाची लाल फीत दोकियाच्या फुलाच्या बाटलीला लागली तेव्हा शिट्ट्यांनी छत दणाणलं.

गर्दी जरा कमी झाल्यावर टॅगर्टबाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "शरदात मला हिच्या कंदाची, लसणासारखी सुटते ती, एखादी पाकळी देशील का गं? माझ्याकडं लावीन म्हणते."

"देईन की. पण कुठं लावणार, कुंडीत?"

टॅगर्टबाईंनी एकदा त्या फुलाकडं पाहिलं, एकदा दोकियाकडं.

"बाहेर," त्या म्हणाल्या, साऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "इथल्या मातीत."