ऐंशी टक्क्यांचा नेम

मामीने हँडसेट माझ्या पुढ्यात ठेवला. आपटला म्हटलं तरी चालेल.

"ही घे तुझी चोर कंपनी," ती म्हणाली. "मला नको तुझा गेम."

माझ्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. स्क्रीनवर काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'घरधनी ठार. टोळीचा पराभव.'

यातलं 'ठार' माझं. बाईला, पुरुषाला, एकाला, अनेकांना चालतो आणि चिमुकल्या स्क्रीनवर मावतो, म्हणून मोठ्या हुशारीने निवडलेला शब्द. 'घरधनी' मात्र मामीचं. आणि ज्या घरधन्याबद्दल हे लिहिलं होतं तो, म्हणजे माझा मामा, तिथेच ओट्यावर बसून विडी ओढत होता आणि हसत होता. मामी हसत नव्हती.

आधी मी तिथे काय करत होते ते सांगते. मी मोबाइल गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर होते. बटणांच्या फोनचे दिवस. राहणारी मुरबाडची, नोकरी नवी, अजून प्रोबेशनवर. आमच्या गेममध्ये चौघांची टोळी होती. तलवारवाली, तिरंदाज, मांत्रिक आणि जखमा बऱ्या करणारा वैदू. टोळी रानातून जाते, वाटेत उंदीर, लांडगे, शेवटी राक्षस. लढाई पाळीपाळीने. आपण एकाला 'मार' म्हणायचं. नेम लागायची शक्यता स्क्रीनवर दिसते, ऐंशी टक्के. लागला तर लागला, नाहीतर 'नेम चुकला'. चौघांतला एक जरी पडला तरी टोळी हरली.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे एक मोठी मोबाइल कंपनी. त्यांना शहराबाहेरची माणसं गेम खेळतात का, ते बघायचं होतं. आमचे सावंत सर मला म्हणाले, "तू त्याच भागातली ना? हँडसेट घेऊन जा, लोकांना खेळायला दे. पंधरवड्याने क्लायंटच्या मॅडम स्वतः बघायला येतील. लोक खेळत असतील तर प्रोजेक्ट आपला. नसतील तर तुझी टीम बंद." माझी टीम म्हणजे मी आणि सुट्टीवर असलेला एक डिझायनर. बंद काय व्हायचं ते मला कळलं.

म्हणून मी डोळखांबच्या पुढे मामाच्या पाड्यावर आले. भातकापणी उरकली होती, बायकांना दुपारी थोडी उसंत होती. सुरुवात झकास झाली. टोळीतल्या चौघांना आपण नावं द्यायची असतात. शहरातल्या पोरांनी टायगर, रॉकी असली नावं दिली होती. पाड्यावरच्या बायकांनी आख्खं घर भरलं. मामीने तलवारवालीला थोरल्या मुलीचं नाव दिलं, तिरंदाज दीर, मांत्रिक सासू. वैदू कोण म्हणून विचारलं तर लाजली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून मला म्हणाली, "तिथं घरधनी लिव." मी लिहिलं. मला तेव्हा ते फार गोड वाटलं होतं.

आता त्याच गोडव्याने घात केला होता. दिराचा नेम लागोपाठ तीनदा चुकला, लांडग्याने घरधन्याला खाल्लं, आणि स्क्रीनने ते ठळक अक्षरात जाहीर केलं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या बायकाही हँडसेट घेऊन दारात. कुणाचा भाऊ ठार, कुणाची नणंद ठार. नणंदेचं तिला फारसं दुःख नव्हतं, पण हँडसेट तिनेही परत केला. पाच दिले होते, पाचही परत आले.

"मामी, शब्द बदलते मी," मी म्हटलं. "ठारच्या जागी 'बेशुद्ध' लिहिते. मग तर झालं?"

"शब्दाचं काय घेऊन बसलीस गो? भावजी तीन डाव चुकले त्याचं सांग. ऐंशी म्हंजे शंभरातले ऐंशी ना?"

"हो."

"मंग तीनदा लागोपाठ कसे चुकतील?"

"क्वचित होतं तसं."

"माझ्याच घरात कसं व्हतं?"

मला शंका आली, माझ्याच कोडमध्ये चूक असेल. लाइट होती तोवर लॅपटॉपवर तोच नेम हजारो वेळा मारून बघितला. उत्तर ऐंशीच्या आसपास, अगदी चोख. दुसऱ्या दिवशी डोळखांबला एसटी थांब्यावर रेंज मिळाली तेव्हा सरांना फोन केला.

"रँडम आहे, फेअर आहे," सर म्हणाले. "थ्रिल त्यातच आहे. लोकांना समजावून सांग."

रँडम म्हणजे काय, तर फोन दर वेळी मनाशी एक ते शंभरातला एक आकडा धरतो. ऐंशीपर्यंत आला तर नेम लागला. मागच्या वेळी काय झालं याची त्याला आठवण नसते. तीनदा चुकलात तरी चौथ्यांदा तो तुमची कीव करत नाही. मी हे सगळं मामीला समजावलं. तिने शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

"म्हंजे निघालेली चिठ्ठी परत मडक्यात टाकतो त्यो," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, ती बंधाऱ्याच्या पाण्याचं बोलतेय. उन्हाळी भेंडीला पाटाचं पाणी लागतं. कुणाची पाळी कधी, ते चिठ्ठ्या काढून ठरतं. मडक्यात सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या, निघालेली चिठ्ठी बाहेर दगडाखाली. मडकं रिकामं झालं की सगळ्या परत आत. नशीब वाईट असेल तर तुमचा नंबर शेवटी लागतो. पण लागतो.

"परत टाकली तर एकालाच दोनदा पानी आन् दुसऱ्याची भेंडी सुकली," मामी म्हणाली. "डोकी फुटतील इथं. आन् तू म्हणतेस हे सरळ हाय."

मी म्हटलं, "मामी, ते पाणी आहे, ही लढाई आहे."

"मंग लढ तू," ती म्हणाली आणि शेंगांचं सुपडं घेऊन आत गेली.

दोन दिवस मी रिकामे फोन बघत बसले. तिसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून, सरांना न विचारता, कोड बदललं. टोळीतल्या प्रत्येकाला एकेक मडकं दिलं. आत दहा चिठ्ठ्या, आठ लागणाऱ्या, दोन चुकणाऱ्या. निघाली ती बाहेर. दहा संपल्या की नवा डाव. 'ठार' काढून 'बेशुद्ध' घातलं आणि केबलने नवं बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, फोनमध्ये भरलं. मामीला आतल्या चिठ्ठ्यांचा हिशेब सांगितला आणि हातापाया पडून एकदा खेळ म्हटलं.

खेळली. मग शेजारीण खेळली. दोन-तीन दिवसांत असं झालं की लोडशेडिंगमध्ये फोन बंद पडले तर मला शिव्या पडायच्या.

मॅडम आल्या त्या दिवशी सावंत सरही जीपमधून उतरले. ओट्यावर सतरंजी घातली होती. मॅडम बाजूला बसल्या आणि मामीला म्हणाल्या, "खेळा तुम्ही, मी नुसती बघते."

मामी राक्षसाच्या गुहेपर्यंत पोचलेली होती. पण आत जाईना. दारातल्या उंदरांनाच मारत बसली. एक उंदीर, दुसरा, तिसरा. उंदीर संपले की मागे जाऊन नवे शोधायची. सरांना राहवेना.

"मावशी, हे काय चाललंय?"

"चुका संपवतेय," मामी मान वर न करता म्हणाली. "भावजींच्या दोन्ही झाल्या. सासूची एक ऱ्हायलीय."

सासूची चूक उंदरावर खर्ची पडली. मग मामी गुहेत शिरली. एकही नेम न चुकता राक्षस आडवा. सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी काय केलंय ते त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"गेम फुटला," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "तू मला विचारलं पण नाहीस?"

नोकरी गेली, हे मी मनात धरूनच टाकलं.

मॅडमनी मामीला विचारलं, "आता सोपा झाला का गेम?"

"सोपा नाय. सरळ झाला. पयला खोटा व्हता."

मॅडमनी मला विचारलं, "दोन्हींतला खऱ्या हिशेबाचा कुठला?"

"पहिला, मॅडम. पहिल्यात खराखुरा रँडम होता. हा मी मडक्यातल्या चिठ्ठ्यांसारखा बांधून दिलाय."

चहा आला, तो त्या प्यायल्या. मग जीपपाशी सरांना शांतपणे म्हणाल्या, "गेम आम्ही घेतोय. पण मडकं काढा, लोक मोजतात. आतून नव्वद टक्के करा. आणि दोनदा चुकला की तिसरा नेम लागलाच पाहिजे."

"आणि स्क्रीनवर नव्वद लिहू ना?" मी विचारलं.

"नाही. स्क्रीनवर ऐंशीच."

मी सरांकडे बघितलं. फेअर फेअर म्हणून माझं डोकं खाल्लेला माणूस. म्हटलं, आता तरी बोलेल. सर म्हणाले, "ओके मॅडम." मला हसावं का रडावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मला पगार देऊन खोटं लिहायला सांगितलं होतं, आणि तेही लोकांच्या भल्यासाठी.

आठवड्याने ते बिल्ड घेऊन मी परत पाड्यावर गेले. मामीने दुपारभर खेळून बघितलं. मधे एकदा टोळी हरलीही. घरधनी बेशुद्ध पडले, तिने परत सुरू केलं. शेवटी फोन खाली ठेवून मला म्हणाली, "आता कसा बरोबर ऐंशी आला बघ."

गेम बाजारात गेला, मी कन्फर्म झाले. पुढे बरीच वर्षं हेच काम केलं. खरा आकडा मात्र परत कधी एकाही स्क्रीनवर लिहिला नाही, आणि हिशेब चुकला अशी तक्रारही परत कधी आली नाही.