पट्टी उतरली

पिपलानीच्या क्वार्टर्समध्ये दिवाळी पाडव्याची पहाट मंदाकिनीच्या गळ्यातून उगवते, असं मराठी मंडळातले लोक म्हणत, आणि काही खोटं म्हणत नसत. तंबोरा काळी चारच्या उंच पट्टीत लागायचा, बाई अलगद वर चढायची आणि मागच्या रांगेतले पेंगणारे काकासुद्धा सावरून बसायचे.

बावन्नावं लागलं आणि तिचा वरचा सा रुसला. लागला तर लागला, नाहीतर फाटला. बाईनं दही सोडलं, लोणचं सोडलं, दाढेखाली ज्येष्ठमध धरून बसली. शेवटी साकेत नगरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "घसा ठणठणीत आहे. पाळी गेली की काहींचा आवाज जाड होतो, खाली येतो. तुमचं तेच झालंय." मंदाकिनी घरी आली आणि नवऱ्यालाही काही सांगितलं नाही. पट्टी उतरवायची म्हणजे नाक कापून घ्यायचं, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण वरचा सा नाही तर पहाट कसली, ही धास्ती काही जाईना.

जयंतराव, तिचे यजमान, पेटीवर साथ करत. तालमीचं गाणं शेजारच्या जुईनं मोबाइलवर घेतलं होतं. ते ऐकताना मंदाकिनी चमकली. वरच्या सा वर तिचा आवाज नव्हताच, पेटी होती, भाता दाबून भरभरून वाजवलेली.

"तुम्ही मला झाकता?"

"सांभाळून घेतो," जयंतराव पुटपुटले.

"केव्हापासून?"

"गेल्या पाडव्यापासून."

म्हणजे वर्षभर आपण गातोय असं हिला वाटत होतं, आणि गात होती पेटी. तिला फार अपमान वाटला, आणि नवऱ्याची मायाही कळली. त्यामुळे धड भांडताही येईना.

पाडव्याच्या आधी एकदा झुंजुमुंजू होताना ती व्हरांड्यात तंबोरा घेऊन बसली. बाहेर धुकं, अंगात मधूनच उसळणारी वाफ. झोप की जाग, तिचं तिलाच कळेना. बोटं खुंट्या सैल करत गेली आणि तारा खालच्या पांढरी चारावर थांबल्या. तिनं सा लावला. ओळखीचा नव्हता तो. खाली, मंद्रात, जिथे जन्मभर नुसती हवा निघायची, तिथे आज भरीव सूर होता. कडुनिंब, वाळत घातलेल्या साड्या, समोरची क्वार्टर्स, सगळं त्या सुरात हळूहळू तरंगत गेलं. तिला घाबरायला झालं आणि फार बरंही वाटलं.

पाडव्याला मंडपात ती माइकजवळ म्हणाली, "माझी पाळी गेली, आवाज उतरला. आजपासून मी पांढरी चारात गाणार."

अध्यक्ष प्रभाकरराव एकदम मंडपाचं छत न्याहाळू लागले. कुणीतरी खोकलं. तंबोरा सुरू झाला आणि मंदाकिनी त्या खालच्या सुरात उतरली. जयंतरावांची पेटी आज मागूनच चालली.

गाणं संपलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या नलिनीताई उठून जवळ आल्या. एकेकाळी या पहाटेला त्याच गायच्या. पुढे 'घसा बसलाय' म्हणत कायमच्या गप्प झाल्या होत्या. त्यांनी मंदाकिनीच्या शेजारी बैठक मारली आणि तंबोरा आपल्याकडे ओढला.

"आणखी थोडा उतरव गं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याहून मोठी आहे."